माजघरातलं रविवारचं कोर्ट

आमचे हे गणित घेऊन बी.ए. झाले, तेव्हा आता आणखी शिकायचं काय उरलं, ते कर्जतच्या आमच्या आळीत कुणालाच कळेना. ह्यांना मात्र वकील व्हायचं होतं. दिवसा मुंबईच्या एका शाळेत शिकवायचे, संध्याकाळी कायद्याच्या वर्गाला बसायचे आणि शनिवारच्या आगगाडीने पुस्तकांचं गाठोडं घेऊन घरी यायचे. गणितात एकदा उत्तर आलं की भांडण मिटतं. कायद्यात दोन्ही बाजूंकडे उत्तर असतं, हे काही ह्यांच्या पचनी पडत नव्हतं. सरावाला कुणीतरी उलट बोलणारं हवं होतं. त्या कामात माझा हात धरणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

अडचण एकच. सासूबाईंसमोर नवऱ्याशी बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. पण ह्यांनीच सांगितलं, की कोर्टात वकील एकमेकांशी बोलतच नाहीत, दोघंही न्यायाधीशाशी बोलतात. झालं, सासूबाई न्यायाधीश झाल्या. रविवारी जेवणं आटोपली की त्या माजघरात सूप घेऊन तांदूळ निवडायला बसत, हे खांबापाशी उभे राहत आणि मी स्वयंपाकघराच्या दारात. शेजाऱ्याची बकरी आमच्या वाडीत शिरली तर भरपाई कुणी द्यायची? हे कलमं सांगत, मी ती मोडून काढी. निकाल बहुतेक माझ्या बाजूने लागत. ह्यांना राग येई आणि मला मनापासून आनंद होई. पुढे हे वकिलीची परीक्षा पास झाले, त्यात निम्मा वाटा माझा आहे, हे मी आजही कुणालाही सांगते.

ह्यांचा अभ्यास चालू असतानाच एका माघात सासूबाईंच्या भावाने त्यांच्या माहेरच्या गावचं, चौकचं, स्थळ आणलं, आमच्या मुलीसाठी. मुलगी आठ वर्षांची. सासूबाईंनी मनातून होकार देऊन टाकला होता. वैशाखात अक्षता पडायच्या होत्या. मला ते नको होतं. ह्यांनाही नको होतं, पण आईपुढे ह्यांची बोबडी वळायची.

"आईला कोण सांगणार?" हे मला म्हणाले.

मी म्हटलं, कोर्टात सांगू.

रविवारी मी तोच खटला मांडला. मुलाकडची बाजू ह्यांच्या वाट्याला आली आणि एकदा बोलू लागल्यावर हे चांगलेच रंगले. घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा गुणी, नकार दिला तर भावाबहिणीत वाकडं येणार. स्वतःच्याच लेकीविरुद्ध ही वकिली ऐकून माझं डोकं फिरलं.

"आई, मला साक्षीदार तपासायचा हाय," मी म्हटलं. "तुमी."

"न्यायाधीशाला साक्षीला बोलावता येत नाही," हे म्हणाले.

"इचारू दे रं तिला," सासूबाई म्हणाल्या.

"या घरात आलात तवा तुमी केवढ्या होतात?"

सासूबाईंचा हात सुपात थांबला.

"सात वर्सांची. आयेकडं जायचं म्हून एकलीच चौकला निघाले. नदीपाशी धरली मला आन् माघारी आनली."

"कोन रागावलं?"

"रागावलं नाय कोन. हसले समदे."

पुढचा प्रश्न मला विचारवेना. मी उंबऱ्यावर बसले. हेही खांबाला टेकून खाली बसले.

सासूबाईंनी सूप बाजूला सारलं. "पोर बारा वर्सांची होईस्तवर या घरात लग्नाचं नाव काढायचं नाय," त्या म्हणाल्या. "भावाला मी सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी गाडी जुंपायला लावली. शाळा बुडवून मी सोबत येतो, म्हणून हे मागे लागले. सासूबाई गाडीत बसल्या आणि त्यांनी लुगड्याचा पदर खोचला.

"तू कशाला रं? वाट ठावकी हाय मला."