चिंचेचा वास येणारं बटण

दोन शतकं मातीत गाडलेल्या पितळेला चिंचेचा वास येतो का?

आई चिंचेने देव घासायला बसली, की मला पानिपतची ती संक्रांत आठवते. गुडगाव-नोएडात नव्या कॉलन्या उठत होत्या, आणि ओळखीचे एक काका दिल्लीतल्या मराठी कुटुंबांना बसने पानिपतच्या युद्धस्मारकाला, काला अंबला नेत. त्या दिवशी परतताना बस एका शेतात थांबली. तिथे चुन्याने प्लॉट आखले होते. काकांनी मेटल डिटेक्टर फिरवला, यंत्र किंचाळलं आणि मातीतून पिवळंधमक बटण निघालं.

"मराठा सैनिकाचं! वहिनी, तुमच्याच पूर्वजाचं असेल. प्लॉट बुक करा, बटण देवघरात ठेवा."

आईच्या माहेरचे एक पूर्वज पानिपतावरून परतलेच नव्हते. त्यांची एखादी तरी खूण मिळावी, एवढीच तिची आस. तिने बटण ओंजळीत घेतलं. बाबांनी पेनही काढलं. आईने ओंजळ कपाळाशी नेली आणि मध्येच नाकाशी थांबली.

"भाऊजी, संक्रांतीचे देव घासताना हेही घासलंत वाटतं? चिंच नीट धुतली नाहीत हो."

सगळे हसले, मीही. आज मात्र आठवते ती आईची मूठ. बटण परत देताना ती किती उशिरा उघडली होती! कुणाच्या दुःखावर प्लॉट विकणाऱ्याला मी चोरच म्हणते.

तुमच्या हातावर कुणी इतिहास उकरून ठेवला, तर नमस्कार करण्याआधी तो हुंगून बघा. आणि आजूबाजूला चुना पडलाय का, तेही बघा.