पॅटिओवरचे फोड

मंडळी, मी अमेरिकेतल्या फिनिक्सची मालतीकाकू. मी सांगतेय आणि पुतण्या युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटरवरून आपल्या मराठी ई-मेल गटावर तुम्हा सगळ्यांना पाठवतोय. आज सकाळपासून जिवाला चैन नाही.

गेल्या उन्हाळ्यात ह्यांनी घरामागच्या पॅटिओला, म्हणजे काँक्रीटच्या उघड्या ओट्याला, स्वतः रंगाचं कोटिंग केलं. इथलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून पहाटेच कामाला लागले. पण आठवड्याभरात त्यावर टरारून फोड आले, पापुद्रे सुटले.

"हात गेला गं माझा. एवढंही जमेना आता," म्हणाले.

"अहो, ह्या उन्हापुढे कुणाचं चाललंय?" मी म्हटलं. पण त्यांनी ब्रश पुन्हा हातात धरला नाही. दिवाळीआधी ते गेले.

आज कोटिंगवाला आला होता. त्यानं एक फोड सोलून पाहिला.

"काम झकास केलंय," म्हणाला, "पण काँक्रीट आतून ओलं होतं. वरून कोरडं दिसतं, पण तापलं की आतली वाफ कोटिंग उचलते. आधी कुणी पाणी मारलं होतं का?"

मी मारलं होतं. त्याच पहाटे, हे आत चहा घेत होते तेव्हा. शुभ काम आहे म्हणून दोन बादल्यांचा सडा घातला होता. इथल्या कोरड्या हवेत हे बाहेर येईतो वरचं पाणी वाळूनही गेलं होतं. करायला गेले गणपती नि झाला मारुती!

"सगळं खरवडून टाकू ना?" त्यानं विचारलं. मी त्याला तसाच परत पाठवला.

चूक माझी होती आणि झुरले ते. मंडळी, आता हे मी कुणाला सांगू?