देवरावभाऊ माझ्या खुर्चीत बसले

आज दुपारी देवरावभाऊ माझ्या खुर्चीत बसले आणि माझं सगळं बदललं. हे मी बसमध्ये, तिच्या शेजारी बसून लिहितोय.

मित्रहो, कॉलेज अर्धवट सोडून मी घुग्घुसला ट्रकच्या वजनकाट्यावर लागलो. पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय काटा सोडायचा नाही, हा इथला नियम. आणि माझा माणूस नेहमीच दांडी मारतो! माझ्या मैत्रिणीला भेटायला तीनदा निघालो, तीनदा अडकलो. झोप उडाली. तोंड उघडलं की भांडणच.

आज ती चारच्या बसने आलापल्लीला नोकरीवर निघणार होती. "आज नाई आला तर फोनबी नको करू," म्हणाली होती.

दोन वाजले, माणूस नाही. एका ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तर मी त्याची कॉलरच धरली.

शेजारच्या काट्यावरच्या देवरावभाऊंनी मला मागे ओढलं. त्यांचीही पाळी संपली होती, ते घरी निघाले होते.

"सोड त्याले. जा, मी बसतो."

"तुमाले घरी जाचं नाई काय, भाऊ?"

"मीबी असाच चिडत होतो. घरी गेलो का माही पोरगी लपून बसे. तुयं तसं नको होऊ देऊ."

मला रडूच आलं. ड्रायव्हरची माफी मागितली, चारच्या बसचं सांगितलं. "जा रे हिरो, बस सुटंन!" तो हसला.

तुमच्या जागेवर असं कोणी बसलंय का कधी?

रोज मी काट्याच्या केबिनचं दार आपटून निघतो. आज बाहेर पडलो आणि भाऊंवर धूळ उडू नये म्हणून ते हळूच लावलं.