सातभाई मॅडम आणि जिवाणूंचा सहकार

डॉ. कुमुदिनी सातभाई यांची माझी पहिली भेट सांगलीला, एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या मुलाखतीत झाली. नव्वदचे दशक नुकतेच लागले होते. माझे गुण पाहून झाल्यावर मॅडमनी विचारले, "घरी शेळ्या आहेत का?" मी हो म्हणताच प्रवेश पक्का झाला.

तेव्हापासून दर रविवारी कडेगावहून एस.टी.ने डबाभर लेंड्या आणणे हे माझे संशोधनकार्य झाले. "शिकाय गेलायस न्हवं?" एवढेच वडील म्हणाले.

ओल्या मातीवर ठेवलेल्या लेंड्यांवर काही दिवसांनी मोहरीहून बारीक, पिवळसर उंचवटे उगवत. मातीतल्या जिवाणूंची उपासमार झाली की ते हजारोंनी एकत्र येऊन असा उंचवटा बांधतात. त्यांतले थोडे जाड कवच धरून तगतात, बाकीचे बांधता बांधता मरतात. दुसऱ्यासाठी मरण्याची ही रीत उत्क्रांतीत टिकली कशी, हा मॅडमचा जन्माचा प्रश्न. शिवाय काही फुकटे जिवाणू बांधकामाला हात न लावता नेमके तगणाऱ्यांत जाऊन बसतात. त्यांच्यावर मॅडमचा विशेष राग.

याच विषयावर आमच्या गावात मी त्यांचे व्याख्यान ठेवले. फलकावर जागा पुरेना म्हणून पेंटरने 'जिवाणूंमधील' हा शब्द गाळला आणि 'सहकाराची उत्क्रांती' एवढेच रंगवले. परिणामी दूध संस्थेचे सगळे संचालक इस्त्रीच्या कपड्यांत पहिल्या रांगेत हजर. मधोमध अध्यक्ष आबा. ते आमच्या कॉलेजच्या संस्थेवरही होते, आणि आमची प्रयोगशाळा कॉम्प्युटर वर्गाला द्यायची की नाही, हे त्यांच्याच हातात होते.

मॅडम फुकट्यांपाशी आल्या तशी मागच्या रांगांत खुसखुस सुरू झाली.

आबांनी विचारले, "आवं मॅडम, मग ह्या जिवाणूंत सहकार टिकतोय कसा?"

"सगळ्यांना एकत्र ढवळलं तर फुकटे फोफावतात. पण मातीत सख्खे सख्ख्यांच्या जवळ राहतात, म्हणून कष्टाचा फायदा घरातच राहतो."

आबा खुलले. संस्थेत त्यांचे दोन पुतणे आणि मेहुणा नोकरीला होते. "म्हंजे घरचीच माणसं घ्यावीत. आमी तरी दुसरं काय केलंय?"

मी मॅडमना डोळ्यांनी विनवले. मॅडमनी चष्मा पुसला.

"तसं नाही, आबा. फुकटेही त्याच घरात जन्मतात. आणि ते फार झाले, की उंचवटा उभाच राहत नाही. सगळे मरतात."

सभा हसली. आबा हसले नाहीत. परतीच्या एस.टी.त मी प्रयोगशाळा गेली असे धरून चाललो होतो. मॅडम म्हणाल्या, "त्यांनी नीट विचारलं होतं, नीट सांगायला नको?"

पुढच्या आठवड्यात आबा प्रयोगशाळेत आले. सूक्ष्मदर्शकावर बराच वेळ वाकून होते. मग विचारले, "ह्यात मेली किती?"

"बहुतेक सगळे," मॅडम म्हणाल्या.

"त्यांचं नाव कोण घेत न्हाई," आबा म्हणाले. जाताना त्यांनी प्राचार्यांना सांगितले, "कॉम्प्युटर जिमखान्यात बसवा." मेहुणा मात्र संस्थेतच राहिला.

पुढे मला कावीळ झाली आणि मिरजेच्या दवाखान्यात पडलो, तेव्हा मॅडम रोज मऊ भात घेऊन येत आणि मी जेवेपर्यंत माझ्या प्रबंधातल्या चुका वाचून दाखवत. बरे होण्याशिवाय मला गत्यंतर नव्हते.

मॅडम आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. परवाच त्यांनी माझ्या ताज्या निबंधाचे अर्धे निष्कर्ष खोडून काढले. उरलेल्या अर्ध्यांवर मी अजून ठाम आहे, आणि हे भांडण लवकर मिटणारे नाही. मॅडमची प्रकृती ठणठणीत राहो आणि आम्हा दोघांना या भांडणासाठी भरपूर वर्षे मिळोत.