पवनच्या वाट्याचं पान

आमचा टोला म्हणजे छोटासा पाडा, घरं एकवीस. दिवाळीनंतर नवा झाला आणि वीस घरांत नव्या तांदळाचा भात शिजू लागला. एकविसाव्या घरात, म्हणजे कलाबाई मडावीच्या घरात, कोसरीची, त्या बारीक भरडधान्याची, आंबील चालूच राहिली. घरात धान नव्हतं असं कोणी समजू नये. धान साठवायची ढोली काठोकाठ भरली होती. कलाबाईचा नवरा पत्रूभाऊ रोज सकाळी ढोलीजवळ जायचा, झाकण उचलून नुसता वास घ्यायचा आणि आंबील प्यायला परत यायचा.

नवं पीक देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, ही एटापल्लीकडच्या जंगलगावांतली रीत. गायता, म्हणजे गावचा पुजारी, दिवस ठरवतो आणि पूजा करतो. मग घरोघरी पळसाची पानं मांडली जातात, माणसागणिक एक. घरातले सगळे एकदम पहिला घास घेतात. हाच नवा. कोणी परगावी असला तर त्याच्या नावाचं पान बाजूला ठेवून बाकीच्यांनी जेवायला गावाची हरकत नसते. कलाबाईची होती.

तिचा मुलगा पवन सैन्यात. मार्चपासून तो दक्षिण सुदान नावाच्या देशात, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, निळी टोपी घालून उभा होता. तो देश कुठे आहे हे मी शाळेतल्या नकाशावर कलाबाईला दाखवलं. तिनं मधला निळा रंग बोटानं मोजला आणि विचारलं, "एवढी मोठी बोडी?" बोडी म्हणजे आमच्याकडचं तळं. मी समुद्र म्हणालो. "असो," ती म्हणाली, "पलीकडं तर जमीनच हाय ना?" संपला भूगोल.

गायता बापूराव समजूत घालायला आले. मीही मागे होतो, गुरुजी म्हणून माझं वजन पडेल अशी माझी कल्पना होती.

"कलाबाई, पोराचं पान ठेव बाजूले अन् खाऊन घे वो. देव काई म्हणत नाई."

"देव नाई म्हणत. पवन म्हणन."

"थो तिकडं हजार कोस दूर. त्याले काय समजते?"

"मागं बी त्याले समजत नाई, असंच वाटलं होतं आमाले."

मागची गोष्ट सगळ्या टोल्याला ठाऊक होती. पवन आठ वर्षांचा असताना आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहायचा. त्या वर्षी घरच्यांनी त्याचं पान बाजूला ठेवून नवा खाल्ला. पोरगा सुट्टीत आला, भाताची थाळी पाहिली आणि विचारलं, "खाल्ला तुमी? मी या घरचा नाई का?" मग आठ दिवस तो कोणाशी बोलला नाही. नवव्या दिवशी कलाबाईनं त्याला शब्द दिला, यापुढे तुझ्या आधी या घरात कोणी नवा खाणार नाही. पुढची सगळी वर्षं तो शब्द सहज पाळला गेला, कारण पवन कुठूनही घरी यायचाच. भरती झाल्यावरसुद्धा सुट्टी नव्यालाच मागून घ्यायचा. तिकडच्या साहेबांना हा कुठला सण ते कळत नसे, पण पोराचा चेहरा पाहून सही करत असावेत. या वर्षी मात्र मध्ये बोडी आली होती.

"पवन येत नाई तं नवा तिकडं जाईन," कलाबाई म्हणाली. आमचं शिष्टमंडळ चहा पिऊन परत आलं.

तिनं नवं धान भिजवलं, भाजलं, उखळात कांडून पोहे केले. चव घेऊन पाहायची सोय नव्हती, कारण चव घेतली म्हणजे नवा खाल्ला. त्यामुळे मीठ अंदाजानं पडलं. जोडीला मोहफुलांचे लाडू, चारोळी आणि पळसाचं एक वाळवलेलं पान, घडी न घालता दोन पुठ्ठ्यांमध्ये दाबून. सगळं डब्यात भरून डबा पांढऱ्या मांजरपाटात शिवला. मुलगी रंजीता बारावीला आहे. तिनं पेन्सिलीनं पत्ता लिहिला. सैन्याच्या पत्त्यात नाव, नंबर, पलटण आणि सैन्याच्या डाकघराचा आकडा असतो. देशाचं नाव नसतं.

"गावाचं नाव नाई, देशाचं नाव नाई, मंग जाईन कुठी?" कलाबाईचा जीव खालीवर.

"बरोबर जाते, याया," रंजीता म्हणाली. याया म्हणजे गोंडीत आई. "आकड्यावरूनच जाते."

कलाबाईनं मान्य केलं, पण पेन्सिलीवर आणि शाईवर तिचा विश्वास बसेना. घरातली सगळी कागदपत्रं एका पावसाळ्यात धुऊन निघाली होती. इथे तर वाटेत एवढं पाणी. तेव्हा तिनं तिच्या मते जगातली सगळ्यात पक्की शाई काढली. जंगलातून गोळा केलेल्या बिब्ब्याला सुई टोचली, काळा चीक काढला आणि बाभळीच्या काट्यानं अक्षर न् अक्षर गिरवलं. वरून चुना. धोबी कपड्यांवर खूण करतात तशी. कपडा फाटेल, पण खूण जायची नाही.

बिब्बा ज्याला उततो त्याला तो जन्मभर लक्षात राहतो. चीक अंगाला लागला की खाज, मग सूज, मग फोड. कलाबाईचा हात लहानपणापासून बिब्ब्यात, शिवाय तेल लावून काम करायची सवय. तिला तो उतत नाही. ज्यांना उततो अशीही माणसं जगात असतात, आणि त्यातली काही पोस्टात नोकरीला असतात, हे काही तिच्या लक्षात आलं नाही.

तालुक्याच्या पोस्टात काउंटरवर वामनराव होते. चंद्रपूरहून नुकतेच बदलून आलेले, कामाला चोख, प्रेमळ माणूस. पार्सल लहान मुलासारखं छातीशी धरून काट्यावर न्यायचं आणि पत्ता एकेका अक्षरावरून बोट फिरवत वाचायचा, ही त्यांची पद्धत. सैनिकाचं पार्सल म्हटल्यावर त्यांनी तो पत्ता दोनदा वाचला. मग रुमाल न सापडल्यामुळे हातानंच तोंड पुसलं.

तिसऱ्या दिवशी बोडीच्या पाळीवर मला त्यांचा फोन आला. पार्सलावर संपर्कासाठी माझा नंबर होता. "गुरुजी, त्या बाईनं पार्सलात भरलंय तरी काय? माझा डोळा उघडत नाही!"

एक फॉर्म भरायचा राहिल्यामुळे पार्सल अजून तिथेच होतं. मी कलाबाईला सांगायला गेलो. ऐकल्याबरोबर तिनं कपाळावर हात मारला.

"अगा बाप्पा! उतला वाटते त्याइले. चला गुरुजी."

"आत्ता? बस गेली."

"मंग पायी चला नाक्यापर्यंत. दुसरी भेटन."

पोस्टात पोचलो तेव्हा पार्सल मागच्या अंगणात कडुलिंबाखाली एकटंच बसलं होतं, भोवती विटांचं रिंगण. वामनरावांचे ओठ दुप्पट झाले होते आणि डावा डोळा सुट्टीवर गेला होता. ते भांडायच्या तयारीत उभे राहिले, पण कलाबाईनं त्यांना खुर्चीत बसवलं.

"बसा भाऊ. बोलू नोका, ओठ फुटन."

तिनं सरळ अंगणात जाऊन पार्सल उसवलं, पवनच्या वाट्याची चारोळी काढली, पोस्टाच्या पायरीवर दगडानं वाटली, चहावाल्याकडून दूध आणलं आणि वामनरावांच्या तोंडाला लेप लावला. पार्सल करायला आलेले चार जण रांग सोडून बघत उभे. एवढी गर्दी त्या पोस्टात निवृत्तिवेतनाच्या दिवशीच होत असेल.

"घरी कोण असते?" लेप लावता लावता तिनं विचारलं.

"मंडळी चंद्रपूरला. मुलगी मयुरी पुण्याला शिकते."

"तिले नवा पाठवला?"

वामनरावांना नवा कळला नाही. कलाबाईनं सांगितला. लेपामुळे त्यांना मध्ये बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. लेप वाळल्यावर ते म्हणाले, "बाई, तुमचा नवा पाठवायचा. पण हे कापड नाही चालायचं. इथून तिथवर पन्नास हात लागतील त्याला. सैन्याची डाक सुजवून चालेल का? नवीन कापड शिवा, साध्या पेनानं लिहा."

"पेनाचं पुसते."

"मग काय करता?"

परत येताना बसमध्ये कलाबाई समोरच्या बाईच्या पोलक्यावरच्या भरतकामाकडे टक लावून पाहत होती. त्या बाईला बिचारीला वाटलं असेल, हिला पोलकं आवडलं.

पुढचे चार दिवस कलाबाई दारात बसून पत्ता शिवत होती. लाल दोरा, काळी बॉर्डर. अक्षर म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही, टाका ठाऊक आहे. रंजीतानं लिहिलेला प्रत्येक फाटा तिनं गोंदणातल्या रेघेसारखा मोजून घातला. धान बांधून झालं होतं, पण सरपण राहिलं होतं, गुरं होती. पत्रूभाऊनं ती कामं मुकाट्यानं अंगावर घेतली. फक्त एकदा मला म्हणाला, "गुरुजी, पलटणीचं नाव तरी आखूड पाह्यजे होतं. त्यातच दीड दिवस गेला."

नवं पार्सल घेऊन गेलो तेव्हा वामनरावांचा चेहरा जागेवर आला होता. त्यांनी दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि मगच पार्सल उचललं. पत्ता वाचला. मग एका हाताची पिशवी काढली आणि लाल टाक्यांवरून हळूच बोट फिरवलं.

"हा नाही पुसायचा," ते म्हणाले आणि शिक्का कापडाच्या कोपऱ्यात, अक्षरांना लागू न देता मारला.

त्यानंतर नुसती वाट. पौष लागला. पत्रूभाऊचं वास घेणं दिवसातून दोनदा झालं. टोल्यातल्या बायका कलाबाईला भाताचं जेवायला बोलवायच्या. ती जायची, बसायची आणि सुपारी खाऊन परत यायची. "कलाबाईचा नवा अन् उन्हाळा संगंच येते वाटते," असं कमला म्हणाली. कमला म्हणजे शेजारीण. कलाबाई म्हणाली, "येऊ दे. आंबील उन्हाळ्यात चांगली लागते."

जानेवारीत एका दुपारी रंजीता बोडीच्या पाळीवरून ओरडत आली. आमच्याकडे फोनला रेंज तिथेच मिळते. सगळे पाळीवर गेलो. पडद्यावर पवन, मागे तंबू, मागे लाल माती. आमच्यासारखीच माती पाहून कलाबाईला जरा बरं वाटलेलं दिसलं. पवननं पळसाचं पान मांडीवर ठेवलं, पोह्यांची चिमूट उचलली, हात तोंडाकडे नेला आणि चित्र गोठलं. रेंज गेली.

"झालं!" पत्रूभाऊ उठला. "खाल्ला त्यानं. चाल घरी, भात लाव."

"म्या पाह्यलं नाई."

"अगं, हात ओठाजवळ होता!"

"ओठाजवळ. ओठात नाई."

पत्रूभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी बोडीकडे पाहिलं. कलाबाई पाळीवर मांडी घालून बसली, फोन समोर दगडाला टेकवून. उन्हं कलली. फोन पुन्हा वाजला तेव्हा पवन चावत होता. कलाबाईनं त्याला तोंड उघडायला लावलं आणि आत पाहिलं, मगच तिचे खांदे खाली आले.

"मीठ कमी हाय, याया," पवन म्हणाला. "पण सरलं बी सगळं. इथी एका तंबूत अकरा जण राहतो ना. पोरं विचारून राह्यली होती काय हाय म्हणून. सगळ्याइले एक एक चिमूट दिली. एकटा कसा खाऊ?"

"एका छपराखाली राहता?"

"हो."

"मंग बरोबर केलं. एका छपराखालचे म्हणजे घरचेच झाले थे."

घरी जाऊन तिनं भात लावला. पत्रूभाऊनं पानं आणली. मलाही बसवलं. पहिला घास तोंडात गेल्यावर पत्रूभाऊचे डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. उघडले ते एकदम.

"म्हणजे वो," त्यानं विचारलं, "पुढच्या साली अकरा जणाइची वाट पाहा लागते का काय?"

कलाबाई त्याला आणखी भात वाढत होती. "गुरुजी," ती म्हणाली, "मांजरपाट आता दोन वार आणा. अन् मिठाची मले आठवण करजा."