विश्रांतवाडीच्या नळाचे पाठभेद

राज्य वाटून टाकणाऱ्या राजाची कथा मी अनेक ठिकाणी ऐकली आहे. एका पाठात राजा सगळा मुलूख रयतेला देतो, शिक्का तेवढा स्वतःकडे ठेवतो. दुसऱ्यात कोठारे देतो आणि किल्ल्या ठेवतो. नदीकाठच्या एका पाठात तो नावा वाटतो, वल्ही मात्र घरी नेतो. बिबवेवाडीतील आमच्या ऑफिसात मिळालेला पाठ सर्वांत अलीकडचा. त्यात राजा कॉम्प्युटर देतो आणि पासवर्ड ठेवून घेतो!

अशा कथा एकदा साचू लागल्या की त्यांना आवर राहत नाही. माझ्याकडे त्या साचल्या त्या नोकरीमुळे. देशाची दारे परदेशी भांडवलाला नुकतीच उघडली होती आणि पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते. आमची संस्था परदेशी निधीवर चाले. शहरातल्या वस्त्यांना आपला कारभार आपणच चालवायला शिकवणे, हे तिचे काम. याला विकेंद्रीकरण म्हणत. मुख्यालय युरोपात, पुण्यात संचालक प्रधानसाहेब, हिशेबाला बापट, आणि लोकांजवळचे ‘स्थानिक ज्ञान’ टिपून घ्यायला मी.

•

एप्रिलमध्ये ऑफिसचा पंखा बंद पडला. दुरुस्तीचा अधिकार पुणे ऑफिसला नव्हता. प्रधानसाहेबांनी मुख्यालयाला फॅक्स केला. उत्तर डिसेंबरात आले: पंख्याची गरज स्थानिक पातळीवर तपासली आहे काय?

बापटांनी मान वर न करता सांगितले, “तपासली म्हणावं. आता स्वेटर पाठवा.”

•

आमचे काम विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यालगतच्या एका वस्तीत होते. वस्तीचा सार्वजनिक नळ रस्त्याच्या पलीकडे. बायका रोज सकाळी भरले हंडे घेऊन ट्रकांमधून वाट काढत येत. आम्ही जाण्याच्या आदल्याच महिन्यात सुशीलाताई गायकवाडांच्या सुनेचा हंडा ट्रकच्या चाकाखाली गेला आणि सून थोडक्यात वाचली. सुशीलाताई टपाल खात्यात नोकरीला, शिवाय महिला मंडळाच्या अध्यक्ष. नळ अलीकडे आणायचाच, असे त्यांनी त्या दिवशी ठरवले.

आम्ही तिथे पोहोचलो ते लोकसहभागातून नकाशा काढायला. बायकांनी जमिनीवर रांगोळीने वस्ती काढली, घरांच्या जागी चिंचोके ठेवले. रस्ता मात्र अख्ख्या वस्तीहून रुंद काढला.

“ताई, रस्त्याचं प्रमाण जरा चुकलंय,” प्रधानसाहेब म्हणाले.

“चुकलं नाही साहेब,” सुशीलाताई म्हणाल्या. “आपण गाडीतून आलात, म्हणून तो अरुंद वाटला.”

•

नकाशावरून नळाची गरज सिद्ध झाली. पण आमच्या निधीत पाइप बसत नव्हता, क्षमताबांधणी बसत होती. म्हणून आम्ही वस्तीला प्रशिक्षण दिले. मग त्या प्रशिक्षणाचा उपयोग कसा करावा, याचे प्रशिक्षण दिले. प्रत्येक वेळी वॉर्ड ऑफिसचे इंजिनियर, नगरसेवक आणि वाहतूक पोलिसांना निमंत्रण जाई, आणि प्रत्येक वेळी पुढच्या रांगेतल्या तीन खुर्च्या रिकाम्या राहत.

“त्यांच्या खुर्च्या तरी नियमित येतात,” बापट म्हणाले.

•

शेवटी सुशीलाताई रजा टाकून महापालिकेच्या मुख्य इमारतीत गेल्या. मी सोबत होतो. तिथले साहेब प्रसन्न होते. “अहो, इथं कशाला आलात? हे अधिकार आम्ही आता खाली दिलेत. वॉर्ड ऑफिसला जा.”

वॉर्ड ऑफिसात इंजिनियर म्हणाले, “दिले असतील. पण तसा आदेश अजून खाली आलेला नाही.”

“म्हणजे तिकडून निघालेत आणि इकडे पोहोचले नाहीत,” सुशीलाताई म्हणाल्या. “मग अधिकार सध्या कुठं आहेत? बसमध्ये?”

•

दरम्यान आमच्याकडे तक्रार नोंदवण्याचे सॉफ्टवेअर आले. ‘पाणी नाही’, ‘पाणी गढूळ’, ‘पाणी कमी दाबाने’ असे पर्याय होते. ‘पाणी रस्त्यापलीकडे’ हा पर्याय नव्हता, म्हणून आम्ही ‘इतर’ निवडला. ‘इतर’ला कोणतेही खाते जोडलेले नव्हते. कॉम्प्युटरने मात्र आभार मानले.

•

वर्षअखेरीस मुख्यालयातून मूल्यमापनासाठी एक उंच, हसतमुख बाई आल्या. प्रधानसाहेबांनी आधीच जाहीर केले होते, की समारोपाच्या कार्यशाळेची जागा आणि वेळ लोकच ठरवतील. हॉल त्यांनी मनातल्या मनात ठरवून ठेवला होता.

महिला मंडळाची सभा झाली. हात वर झाले. ठराव एकमताने मंजूर: वेळ, सकाळी पाणी येते ती. जागा, आळंदी रस्ता, नळ आणि वस्ती यांच्या बरोबर मध्ये.

“सुशीलाताई, अहो, रस्त्यात?” प्रधानसाहेबांचा आवाज चिरकला.

“निर्णय लोकांचा, असं आपणच शिकवलंत ना?”

मूल्यमापनवाल्या बाईंना हे भाषांतर करून सांगितले. त्या म्हणाल्या, “एक्सलंट!”

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका हंडे घेऊन रस्त्यात गोल करून बसल्या. मूल्यमापनवाल्या बाईही मांडी घालून बसल्या. दोन्ही बाजूंनी हॉर्न सुरू झाले. थोड्याच वेळात वाहतूक पोलीस आले, मग नगरसेवक, मग धापा टाकत इंजिनियर. बापटांनी हजेरीपटावर तिघांच्याही सह्या घेतल्या.

“परवानगी कोणी दिली?” इंजिनियर ओरडले.

“जय भीम साहेब, बसा,” सुशीलाताई म्हणाल्या. “आधी ओळखीचा खेळ आहे. प्रत्येकानं आपलं नाव आणि आवडतं फळ सांगायचं.”

“अहो बाई, मी इथं...”

“साहेब, सांगून टाका,” सगळ्यात पुढचा ट्रकवाला केबिनमधून म्हणाला. “माझी डाळिंबं मार्केट यार्डात पोहोचायचीत. मी पांडुरंग, आवडतं फळ डाळिंब!”

बाईंनी वहीत आनंदाने नोंद केली: वाहतूक क्षेत्राचाही सहभाग.

इंजिनियरनी मागे पाहिले. गाड्यांची रांग वळणापलीकडे गेली होती. ते खाली बसले. “कुलकर्णी,” ते पुटपुटले. “आंबा.”

“आता पुढचं सत्र,” सुशीलाताई म्हणाल्या. “गटचर्चा. विषय, नळ. चर्चा संपल्याशिवाय उठायचं नाही, असा नियम आहे.”

“पण आदेश...” कुलकर्णी म्हणाले.

“आदेश मागाहून बघू!” नगरसेवक कपाळ पुसत म्हणाले. “कुलकर्णी, आधी हो म्हणा.”

कुलकर्णी हो म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि हंडे उचलले. पांडुरंगाने जाता जाता खोकाभर डाळिंबे दिली. दुपारी रस्ता खोदायला माणसे आली आणि त्याच आठवड्यात वस्तीच्या बाजूला नळ लागला.

उद्घाटनाचे भाषण आणि फीत घेऊन प्रधानसाहेब पोहोचले, तोवर सुशीलाताई हंडा भरून घरी गेल्या होत्या.