मला तसं वाटत नाही

कॉलेजातल्या माझ्या शिक्षिकेला मी वर्षभरात एकदाही हाक मारली नाही. तिथे सगळेच त्यांना पहिल्या नावाने बोलावत, अगदी एकोणीस-वीस वर्षांची पोरंसुद्धा. माझ्या जिभेला ते काही जमेना. मॅडम म्हटलं की त्यांना हसू यायचं आणि नावाने बोलवायचं म्हटलं की मला घाम फुटायचा. शेवटी मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन नुसती उभी राहायचे आणि त्यांनी वर बघेपर्यंत थांबायचे. एकदा त्या चांगल्याच दचकल्या. "तू मांजरासारखी येतेस," म्हणाल्या. मी म्हटलं, बरोबर आहे.

हे 'बरोबर आहे' माझ्या तोंडात कायमचं बसलेलं. माझे वडील कराडजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापक होते आणि इतिहास शिकवायचे. वर्गात ते सांगत, आम्ही लिहून घेत असू. मी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे मला घरीही शाळाच असे. ते कडक होते, वाईट नव्हते. इतिहासाची गोडी मला त्यांनीच लावली, हेही खरं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना स्थळ आलं, मुलगा चांगला होता, परदेशी जाणार होता. बाबा म्हणाले, शेवटचं वर्ष बाहेरून देता येईल. मी म्हटलं, बरोबर आहे बाबा. ते वर्ष राहिलं ते राहिलंच.

मुलगा खरोखरच चांगला निघाला, तेवढं श्रेय बाबांच्या पदरात टाकायला हवं. त्याच्या नोकरीपायी आम्ही इंग्लंडात, ब्रॅकनेलला आलो. मुलगी मोठी झाली, मी तिच्या जुन्या प्रायमरी शाळेत दुपारच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवण्याचं काम धरलं. आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर एकदाची कॉलेजात नाव घालून आले. आमच्यासारख्या, शिक्षण अर्धवट सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी तिथे अ‍ॅक्सेस नावाचा वर्षभराचा कोर्स असतो. तो केला की विद्यापीठात अर्ज करता येतो. वर्गातले बहुतेक जण जवळच्या विद्यापीठात जाणार होते. मीही तेच धरून चालले होते. बसने जाऊन संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत येता येईल, एवढाच माझा विचार.

माझा पहिलाच निबंध परत देताना बाई म्हणाल्या, दुसरीकडेही अर्ज कर. त्यांनी ज्या विद्यापीठाचं नाव घेतलं, ते बाबांच्या तोंडून मी लहानपणी ऐकलेलं. आमच्यासारख्या कोर्समधून तिथे फार थोडे जातात, म्हणाल्या, आणि जे जातात त्यांना आधी मुलाखत द्यावी लागते. घरी आल्यावर मी बाथरूमचं दार लावून रडले. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की कुणाला सांगायची लाज वाटत होती.

अर्ज ऑक्टोबरात गेला. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि बाईंनी माझी तयारी करून घ्यायला सुरुवात केली. त्या ग्लासगोच्या. बोलणं एकदम तोडून टाकल्यासारखं, पण मनात काही ठेवायच्या नाहीत. कँटीनच्या शेजारच्या छोट्या खोलीत त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "कापडगिरण्या आल्या आणि इंग्लंडातल्या बायका मोकळ्या झाल्या. हातात पगार आला. तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, बरोबर आहे. आणि पगारावर चार वाक्यं बोलले.

"आता असं बघ," त्या म्हणाल्या, "गिरण्यांमुळे बायकांची उलट कोंडीच झाली. घरचं काम होतं तेवढंच राहिलं, वर बाहेरचं आलं."

मी म्हटलं, हेही बरोबर आहे. आणि घरकामावर चार वाक्यं बोलले. चांगली वाक्यं होती ती, आदल्या दिवशी पाठ केलेली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी तुला दोन उलट गोष्टी सांगितल्या," त्या म्हणाल्या, "आणि तू दोन्हींना हो म्हणालीस. मुलाखतीत हे केलंस तर ते हसून तुझे आभार मानतील आणि मोकळे होतील. त्यांना तू गोड आहेस की नाही हे बघायचं नाहीये. तुला त्यांच्याशी वाद घालता येतो का, हे बघायचंय."

मला राग आला. त्यांचा नाही, स्वतःचाही नाही, कुणाचा ते कळेना. शिक्षकांना उलटून बोलायचं नाही हे मला इतकं घासून शिकवलं होतं, की ते माझ्यावर कुणी लादलंय असं कधी वाटलंच नव्हतं. माझ्या लेखी तो चांगुलपणा होता. आणि आता ही बाई म्हणत होती की याच चांगुलपणापायी माझी जागा जाणार.

पुढचे काही आठवडे हेच घोडं अडलेलं. त्या काहीतरी मुद्दाम तिरपं बोलायच्या आणि माझी मान आपोआप हलायची. विचार मागाहून यायचा, घरी भांडी घासताना. घरी लेकीने परीक्षकाची खुर्ची पकडली. ती इथेच वाढलेली, शाळेत शिक्षकांशी बिनदिक्कत हुज्जत घालणारी.

"आई, तू परत नॉड केली," ती म्हणायची. "मी अजून क्वेश्चन पण फिनिश नाही केला."

"अगं, ऐकतेय असं दाखवायला नको का समोरच्याला?"

"नाही. तू असं दिसते की यू'व्ह गिव्हन अप."

तिचं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

मग दिवाळी जवळ आली, आणि दिवाळीबरोबर मंडळाची मीटिंग. आमचं मराठी मंडळ म्हणजे दहा-पंधरा कुटुंबं आणि भाड्याने घेतलेला कम्युनिटी हॉल. अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टर, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. काकांनी त्या वर्षी ठरवून टाकलं होतं की फराळ लंडनजवळच्या इल्फर्डहून मागवायचा. तिकडे एक बाई ऑर्डर घेतात, कशाला सगळ्यांनी दमायचं. सगळ्या मुंड्या हलल्या. माझी नाही हलली.

"नाही काका, मला नाही पटत," मी म्हटलं. "मग मुलांना दिवाळी म्हणजे काय कळणार? प्लास्टिकचा डबा?"

"अगं, पण सगळ्या जणी जॉब करतात. कुणावर बर्डन नको."

"बर्डन होतं कारण तुम्ही प्रत्येक घराला सगळं करायला सांगता. एका घराने चकली, एकाने शंकरपाळी. आणि पुरुषांनी करंज्या भराव्यात. बघू या किती बर्डन होतंय ते."

काका मागे हटेनात आणि मीही हटेना. ते म्हणाले चव सारखी येणार नाही, मी म्हटलं इल्फर्डच्या बाईंची तरी कुठे दर वर्षी सारखी येते. ते म्हणाले हेल्थ अँड सेफ्टी, मी म्हटलं गेल्या वर्षीचा चिवडा तुमच्याच गॅरेजमध्ये आठवडाभर होता. शेवटी निम्मा फराळ घरी आणि निम्मा बाहेरून असं ठरलं. काका मला म्हणाले, "तू वकील व्हायला हवी होतीस." दोघंही खुशीत चहा प्यायलो.

परतताना नवरा गाडी चालवत होता. तो तसा कमी बोलणारा माणूस. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "काकांना तू आज सोडलं नाहीस."

"मग? चूक बोलत होते."

"हो ना. ते सिक्स्टी-एटचे आहेत, डॉक्टर आहेत, सगळे त्यांना मानतात. तुला भीती नाही वाटली?"

"फराळातलं त्यांना काय कळतं?"

"एक्झॅक्टली," तो म्हणाला, आणि सिग्नल सुटला.

मला ते तेव्हा नीट कळलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. काकांशी भांडताना मी त्यांचा अपमान करत नव्हते. आम्हा दोघांनाही दिवाळी चांगली व्हायला हवी होती, म्हणून तर भांडत होतो. उलट, मला त्यांचं पटत नसताना मी हो म्हटलं असतं, तर तो त्यांना टाळण्याचा प्रकार झाला असता. म्हणजे वाद घालणं मला येत होतं. फक्त ते मी स्वयंपाकघराच्या हद्दीत ठेवलं होतं, जिथे माझं म्हणणं मला माझं वाटायचं. इतिहास मला अजून बाबांचाच वाटत होता.

पुढच्या सरावाला बाईंनी काहीतरी तिरपं विधान केलं. माझी मान निम्मी हलली. ती मी थांबवली आणि म्हटलं, "मला तसं वाटत नाही." आवाज इतका बारीक आला की त्यांनी कानाला हात लावला. मी परत म्हटलं. बाई पुढे सरकून बसल्या. "का?" त्यांनी विचारलं, आणि त्यांना खरंच ऐकायचं होतं.

मुलाखत डिसेंबरात, ऑनलाइन. मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडला, नवऱ्याला कुकर लावू नकोस म्हणून बजावलं, लेकीला वरच्या खोलीत पाठवलं. पडद्यावर दोघं होते, एक वयस्कर प्राध्यापक आणि एक माझ्यापेक्षा लहान बाई. त्यांनी मला एक उतारा दिला होता. हिंदुस्थानात थंड हवेच्या ठिकाणी राहणाऱ्या कुणा इंग्रज बाईने बहिणीला लिहिलेल्या पत्रातला. रोज सकाळी ती आचाऱ्याला हुकूम देते, कोठीची किल्ली तिच्या कमरेला असते, तिच्याशिवाय त्या घरात पान हलत नाही, वगैरे.

"या घरात सगळी सत्ता बाईच्या हातात आहे," प्राध्यापक म्हणाले. "उताऱ्यातून ते अगदी स्पष्ट होतं, नाही का?"

पांढऱ्या केसांचे, चष्म्याचे, मागे पुस्तकांची भिंत. बाबांच्या खोलीत उभं केल्यासारखं वाटलं. मग मी उताऱ्याकडे पाहिलं आणि ते स्वयंपाकघर मला दिसायला लागलं.

"मला तसं वाटत नाही," मी म्हटलं. "ती मासे सांगते आणि जेवायला कोंबडी असते. पुढच्या परिच्छेदात परत तसंच होतं. हुकूम ती देते, पण घर जेवतं ते आचारी जे आणतो ते. किल्ली तिच्याकडे आहे, बाजार त्याच्याकडे आहे."

"म्हणजे ती खोटं लिहिते?"

"नाही. तिला तसं खरंच वाटतं."

"पण ती त्याला कधीही काढून टाकू शकते," ते म्हणाले. "तो तिला नाही."

यावर विचार करावा लागला. "बरोबर आहे," मी म्हटलं, आणि तेव्हा ते मला खरंच बरोबर वाटलं होतं. "पण मग दुसऱ्या दिवशी ती खाणार काय?"

लहान बाई हसली. प्राध्यापक हसले नाहीत, पण खुर्चीत पुढे सरकून बसले, आणि पुढचा सगळा वेळ आम्ही त्या आचाऱ्यावरून भांडलो. त्यांना माझं पटलं की नाही, हे मला आजही माहीत नाही. लॅपटॉप मिटला तेव्हा लक्षात आलं, मला मजा आली होती. असं काही होईल याची मला कल्पनाच नव्हती.

जानेवारीत ईमेल आलं. कोर्स चांगल्या गुणांनी पुरा केला तर जागा माझी. बाई त्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर टाळ्या वाजवत आल्या. मी त्यांना तेव्हाही काही हाक मारली नाही, मिठी मारली.

रविवारी कराडला फोन केला. बाबा आता ऐंशीला आलेत, पण फोन अजून कानाला घट्ट धरून, मीटिंग असल्यासारखं बोलतात. मी सगळं सांगितलं. विद्यापीठाचं नाव त्यांनी एकदा स्वतःशी उच्चारून पाहिलं. मग म्हणाले, "अभिनंदन. मोठी गोष्ट आहे. पण अगं, तू ते जवळचं म्हणत होतीस ना, तेच घे. मुलीची दहावी-अकरावीची वर्षं आहेत. रोजचा रेल्वेचा प्रवास, या वयात. घरच्यांची जेवणाखाण्याची आबाळ होईल. पदवी काय, कुठूनही पदवीच."

हा आवाज मला चांगला ठाऊक होता. त्यात रागाचा लवलेश नव्हता. वीस वर्षांपूर्वीही नव्हता, म्हणून तर बोलायला जागा सापडली नव्हती. माझी मान हलायला लागली. फोनवर, कुणी बघत नसताना.

"बाबा," मी म्हटलं, "मला तसं वाटत नाही."

पलीकडे टीव्हीवर बातम्या चालू होत्या. त्या बंद झाल्याचं ऐकू आलं.

"का?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. लेक स्वतःचं जेवण स्वतः करू शकते, तिचा बापही करू शकतो. मला तिथे शिकायचंय कारण तिथे ते माझ्याशी वाद घालतात. आणि पदवी कुठूनही पदवीच असती, तर बाहेरून परीक्षा देऊन ती मला केव्हाच मिळाली असती. मी थांबले नाही. त्यांनीही मध्ये थांबवलं नाही.

"मग तेव्हा का नाही बोललीस?" ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नव्हतंत, बाबा."

मला वाटलं, फार लागलं त्यांना, आता काहीतरी बोलून सावरून घ्यावं. मी सावरलं नाही.

"विचारायला हवं होतं," ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.